हमी आणि अशक्यतेची सबब

व्यवहारात माणसाची सुटका करणारे जे थोडे शब्द आहेत, त्यांत 'अशक्य' हा शब्द अग्रगण्य म्हणावा लागेल. 'मी करणार नाही' असे म्हणणारा मनुष्य वचनभंगाचा दोषी ठरतो. 'माझ्याने होत नाही' असे म्हणणाऱ्याविषयी थोडी दया उत्पन्न होते. परंतु 'हे कोणालाच शक्य नाही' असे जो म्हणतो, त्याच्यापुढे तक्रार करणाराच ओशाळा होतो. जे जगात कोणालाही साध्य नाही ते एकाच माणसापाशी मागत राहणे हा निव्वळ हट्ट, असे त्याचे त्यालाच वाटू लागते. ह्या शब्दाचा अंमल, विशेषतः मोबदला घेऊन दिलेल्या वचनावर, कोठपर्यंत चालू द्यावा, ह्याचा विचार एका अगदी साध्या, बाजारातल्या उदाहरणावरून येथे करावयाचा आहे.

बीड जिल्ह्याचे जीवन रस्त्यावर चालते. परळीस रेल्वे फार पूर्वीपासून असली, तरी खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत, आणि बहुतांशी अजूनही, केज, धारूर, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतील माणसांचे दवाखाने, कचेऱ्या, बाजार आणि सोयरिकी एस्. टी., काळी-पिवळी जीप किंवा स्वतःची गाडी यांवर अवलंबून राहिल्या. नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांची. म्हणून जुन्या गाडीचा बाजार मोठा. समजा, केज तालुक्यातील एका गृहस्थाने भाड्याने चालविण्याकरिता जुनी जीप घेतली. विक्रेत्याने इंजिन व गिअरबॉक्स यांची एक वर्षाची हमी लिहून दिली, आणि त्या हमीसाठी काही रक्कम निराळी घेतली. चौथ्या महिन्यात इंजिनाचे नियंत्रण करणारी विजेची पेटी, जिला मिस्त्री 'ईसीएम' म्हणतात, ती निकामी झाली. बीडच्या मिस्त्रीने छत्रपती संभाजीनगरास विचारले, पुण्यास विचारले. उत्तर एकच आले : 'हा पार्ट आता येत नाही.' विक्रेत्याने हमीच्या कागदावरील एका ओळीवर बोट ठेवले : 'सुटे भाग उपलब्ध असल्यास'. गाडी दारात उभी राहिली; कर्जाचा हप्ता मात्र उभा राहिला नाही.

ह्या गोष्टीत लबाडी कोणाचीच नाही, असे मुद्दाम धरून चालू. विक्रेता लबाड असता तर प्रश्न पोलिसांचा झाला असता, नीतिशास्त्राचा नव्हे. प्रामाणिक माणसाने प्रामाणिकपणे दिलेले वचन, ज्या वस्तूच्या द्वारा ते पाळावयाचे ती वस्तूच नाहीशी झाल्यावर, उरते की संपते, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. गाडीचे आयुष्य आणि ती करणाऱ्या कारखान्याचे आयुष्य यांची सांगड आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. जनरल मोटर्स कंपनीने २०१७ च्या अखेरीस हिंदुस्थानातील विक्री थांबविली. पुणे जिल्ह्यातील तळेगावचा तिचा कारखाना निर्यातीपुरता चालला व डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादनही थांबले. तिची 'टवेरा' गाडी खेड्यापाड्यांतून प्रवासी वाहतुकीस सर्रास वापरली जात असे. फोर्ड कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील मोटारींचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. शेतकऱ्यांच्या परिचयाचा एच्. एम्. टी. ट्रॅक्टर घ्या; त्या विभागास टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतला. दोन्ही मोटार कंपन्यांनी आपल्या ग्राहकांस सेवा व सुटे भाग पुढेही मिळत राहतील असे जाहीर केले होते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. तथापि कंपनी देश सोडते तेव्हा तिच्या गाड्या मागे राहतात, आणि त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती पोहोचेपर्यंत मूळ आश्वासन त्याच्यापर्यंत किती पोहोचते, हे सांगावयास नको. शिवाय कारखाना जिवंत असूनही भाग न मिळण्याचा प्रसंग येतो. २०२१ साली अर्धवाहकांच्या जगभरच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांचेच उत्पादन अडून राहिले होते.

जुन्या पद्धतीच्या जीपला हे संकट फारसे माहीत नव्हते. बुश झिजला तर लेथवर नवा करून घ्यावा, सील दुसऱ्या गाडीचे बसते का पाहावे, एखादा दांडा भंगारातून आणावा. लोखंडाला लोखंडाने उत्तर देता येते. परंतु नव्या गाडीची विजेची पेटी तिच्या कारखान्याची भाषा बोलते. ती भाषा लेथवर कातता येत नाही. यंत्र जसजसे सुधारले, तसतसा त्याचा मालक दूरच्या एका कारखान्यावर अधिकाधिक अवलंबून राहिला. म्हणूनच आजच्या हमीला पूर्वीपेक्षा अधिक अर्थ असला पाहिजे.

आता 'मिळत नाही' ह्या शब्दांची थोडी फोड करू. ह्या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पांघरुणाखाली निजलेल्या असतात. पहिली अशी, की ती वस्तू जगात कोठेच उरलेली नाही. दुसरी अशी, की ती आहे, परंतु हमी देणाऱ्याने मनात धरलेल्या खर्चाहून महाग आहे. तिसरी अशी, की ती येणार आहे, परंतु केव्हा ते कोणी सांगत नाही. ह्यांपैकी पहिलीच काय ती खरी अशक्यता. दुसरी म्हणजे तोटा सोसण्याची अनिच्छा. तिला अशक्यतेचे नाव देणे हा शब्दाचा अपहार होय. तिसरी सर्वांत फसवी, कारण तिच्यात वचन कधी मोडतच नाही. ज्या वचनास मुदत नाही ते न पाळताही जन्मभर पाळीत असल्याचा बहाणा करता येतो. 'मागविला आहे' हे उत्तर पहिल्या आठवड्यात खरे असते, दुसऱ्या महिन्यात अर्धसत्य होते, आणि सहाव्या महिन्यात, एक अक्षरही न बदलता, असत्य होऊन बसते.

उरली खरी अशक्यता. तेथे तरी हमी देणारा मोकळा होतो काय? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी हमी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. हमी म्हणजे अमुक एक पेटी आणून बसविण्याचे वचन, असा तिचा अर्थ घेतला, तर पेटी संपली की वचन संपले, हे मान्य करावे लागेल. परंतु गाडी घेणाऱ्याने पैसे मोजले ते पेटीसाठी नव्हेत. पेटीची त्याला हौस नाही. एक वर्षपर्यंत ह्या दोन अंगांच्या बिघाडाचा तोटा माझ्यावर पडू नये, तुमच्यावर पडावा, एवढ्यासाठी त्याने पैसे दिले. हमी हा वस्तूचा व्यवहार नसून भाराचा व्यवहार आहे. पेटी हे भार वाहण्याचे एक साधन. साधन मोडले म्हणून भार आपोआप दुसऱ्याच्या डोक्यावर परत जात नाही.

आपल्या पूर्वजांस हा भेद चांगला ठाऊक होता. याज्ञवल्क्यस्मृतीत जामीनकीचे तीन प्रकार सांगितले आहेत : माणसाला हजर करण्याविषयी, त्याच्या विश्वासूपणाविषयी, आणि प्रत्यक्ष पैसे देण्याविषयी. मराठी कागदपत्रांतील हाजीरजामीन व मालजामीन ही नावे ह्याच जातीची. ह्यांत मौज अशी, की ज्याने केवळ माणूस हजर करण्याची जामीनकी पत्करली, त्याचा माणूस हजर झाला नाही, तर स्मृती त्याला सोडून देत नाही. त्याने स्वतः द्रव्य भरावे असे सांगते. ह्या स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावर. हमीची गाडी दुरुस्त करून देणारा हा एका अर्थी हाजीरजामीनच होय. चालती गाडी हजर करता आली नाही, तर त्याचा जबाब द्रव्याने झाला पाहिजे. त्याच स्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्याच्या मुदती दिल्या आहेत : लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. जो दोष उघड होण्यास जितका काळ लागतो, तितका काळ घेणाऱ्यास मिळावा, हे त्यामागील तत्त्व उघड आहे. नेकनूर किंवा हिरापूर येथील जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. मोटारीची पेटी मात्र कोणाला उघडून पाहता येत नाही. म्हणून पारखण्याच्या मुदतीची जागा हमीने घेतली आहे.

आजचा कायदाही ह्याहून फार निराळे सांगत नाही. १८७२ च्या कराराच्या कायद्याचे ५६ वे कलम अशक्य गोष्टीचा करार रद्द समजते. तेथे उदाहरण दिले आहे ते जादूने गुप्तधन शोधून देण्याच्या कराराचे. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की गोष्ट अशक्य आहे हे वचन देणाऱ्यास ठाऊक होते, किंवा रास्त काळजी घेतल्यास ठाऊक झाले असते, आणि घेणाऱ्यास मात्र ठाऊक नव्हते, तर वचन देणाऱ्याने नुकसान भरून द्यावे. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यव्रत घोष विरुद्ध मगनीराम बांगुर ह्या खटल्यात 'अशक्य' शब्दाचा अर्थ केवळ शब्दशः घेऊ नये, व्यवहारतः निरर्थक झालेला करारही त्यात येतो, असा उदार निर्णय दिला. तथापि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या खटल्यात मात्र न्यायालयाने जमीन विकणाऱ्या कंपनीस सोडले नाही. युद्धकाळ चालू असता करार झाला होता, आणि त्या काळच्या अडचणी दोघांसही ठाऊक होत्या. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात तर हमीच्या भंगाचा स्वाभाविक परिणाम नुकसानभरपाई हाच सांगितला आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही हमीची शेवटची भाषा पैशाचीच आहे.

ह्यावर तीन आक्षेप येतील, आणि ते तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा, की बीडचा विक्रेता काही कारखानदार नव्हे. दूरच्या कंपनीने हात आखडता घेतला, त्याचे प्रायश्चित्त ह्या लहान माणसाने का घ्यावे? ह्या आक्षेपात दया आहे, आणि ती अनाठायी नाही. पण गाडी घेणारा त्याहूनही लहान आहे, आणि त्याने तर हमीचे पैसेही दिले आहेत. दोन निरपराध माणसांपैकी एकावर तोटा पडणे अटळ असेल, तर ज्याने तो वाहण्याचा मोबदला घेतला, ज्याला धंद्याची माहिती होती, आणि जो शंभर गाड्यांवर तो वाटून टाकू शकतो, त्याच्यावर तो पडावा, हेच न्याय्य. त्याने वरच्या दुकानदाराकडे व कंपनीकडे दाद मागावी. तो त्याचा हक्क आहे. मात्र त्याच्या भारालाही सीमा हवी. दिलेल्या हमीपायी त्याचे घर विकले जावे असे कोणी म्हणणार नाही. गाडीची जी किंमत, तिच्यातून झालेल्या वापराचा वाटा वजा जाता जे उरेल, तेथे त्याचे देणे थांबावे.

दुसरा आक्षेप असा, की घेणाऱ्याने स्वस्त गाडी घेतली. कंपनी गेली आहे म्हणूनच ती स्वस्त होती. मग आता रडू नये. हमी न घेता गाडी घेतली असती, तर हा आक्षेप बिनतोड होता. परंतु स्वस्ताईची जोखीम अंगावर राहू नये म्हणूनच त्याने हमी विकत घेतली. तरी ह्या आक्षेपातून घेणाऱ्याचे एक कर्तव्य निष्पन्न होते, ते नाकारून चालणार नाही. नवाच, कारखान्याच्या डब्यातलाच पार्ट पाहिजे, असा हेका त्याला धरता येणार नाही. भंगारात निघालेल्या तशाच गाडीची चांगली पेटी, किंवा जाणत्याने दुरुस्त केलेली जुनी पेटी, तपासून व पुन्हा हमी देऊन बसविली जात असेल, तर ती त्याने स्वीकारली पाहिजे. जुन्या गाडीस जुना भाग हा अन्याय नव्हे.

तिसरा आक्षेप कागदाचा. 'उपलब्ध असल्यास' हे शब्द तेथे होते आणि खाली सही होती. पण अट वचनाला कुंपण घालू शकते, वचन खाऊ शकत नाही. भाग सुलभ असेल तेव्हाच उपयोगी पडणारी हमी म्हणजे पावसाळ्यात तुडुंब आणि चैत्रात कोरडी पडणारी विहीर. बीडच्या माणसास हा भेद शिकवावा लागत नाही. शहराजवळची खजाना विहीर नावाजली ती दुष्काळातही आटत नाही म्हणून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करारांची निराळी व्याख्या केली आहे, आणि तशी अट रद्दबातल ठरविण्याचा अधिकार दिला आहे. परंतु तो जिल्हा आयोगास नव्हे, राज्य आयोगास. जीप दारात उभी असलेल्या माणसाने तेथवर जावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणूनच हा प्रश्न कायद्यावर सोडून देऊन नीतीला विश्रांती घेता येत नाही.

येथे ह्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका वचनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या गाळपासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून ते उचल घेतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामात मजूर आजारी पडला, बाई बाळंत झाली, हात कापला गेला, तर काम करणे त्यांना खरोखरच अशक्य होते. तेथे 'अशक्य' हा शब्द कोणी ऐकून घेतो काय? कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो, आणि फिटली नाही ती उचल पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तरी बाकीचे ओझे पुढच्या वर्षावर टाकण्याची रीत चालूच राहिली.

ही दोन वचने शेजारी ठेवून पाहावीत. मजुराने कोणाची जोखीम विकत घेतली नव्हती. आपले शरीर धड राहील अशी हमी देण्याचा मोबदला त्याला कोणी दिला नव्हता. त्याची अशक्यता खरी, आणि म्हणून त्याला सूट मिळणे न्याय्य होते. ती मिळत नाही. हमी विकणाऱ्याने मात्र अडचणीचाच भार पत्करून पैसे घेतले होते; अडचण आली हे त्याच्या सुटकेचे कारण होऊच शकत नाही; आणि सूट मिळते ती त्याला. ज्याच्या तोंडी अशक्यतेचा शब्द शोभतो त्याचा तो ऐकला जात नाही, आणि ज्याच्या तोंडी शोभत नाही त्याच्या कागदावर तो आधीच छापलेला असतो. नीतीचा नियम एकच हवा. तो माणसाच्या ऐपतीप्रमाणे उलटा फिरू लागला, म्हणजे त्याला नियम न म्हणता रिवाज म्हणावे लागते. दारात उभी असलेली गाडीही रोज खाडाच करीत असते. त्या खाड्याचा हिशेब कोणी धरीत नाही, एवढेच.

अन्य देशांनी ह्या बाबतीत काही पायवाटा पाडल्या आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात विजेच्या उपकरणांवर विशिष्ट किमतीपुढे हमी देणाऱ्या उत्पादकास सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आहे. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे भाग दहा वर्षे मिळाले पाहिजेत असा नियम आहे. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल, १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. ह्या साऱ्यांमागे एकच जाणीव आहे : पुष्कळ वेळा 'मिळत नाही' ही निसर्गाची आपत्ती नसून कोणीतरी केलेला निर्णय असतो. पावसाने दगा दिला तर कोणाला बोल लावावा हे कळत नाही. पण साचा मोडून टाकण्याचा, साठा न ठेवण्याचा किंवा तो एकाच दुकानी कोंडण्याचा निर्णय करणारा कोणीतरी असतो.

मग सज्जन विक्रेत्याने करावे काय? फार मोठे काही नाही. जी गाडी बंद झाली आहे तिची हमी देण्यापूर्वी, तिचे महत्त्वाचे भाग मिळतात की नाही ह्याची चौकशी करावी. मिळत नसतील तर 'ह्या भागाची हमी मी देत नाही' असे सौद्याच्या वेळीच, तोंडावर सांगावे आणि तेवढे पैसे कमी घ्यावेत. सौद्यापूर्वीचा स्पष्ट नकार हा प्रामाणिकपणा. बिघाडानंतरचा तोच नकार ही पळवाट. हमी दिली असेल, तर तीत मुदत घालावी : इतक्या दिवसांत नवा भाग, न मिळाल्यास तपासलेला जुना भाग, तोही न मिळाल्यास ठरलेली रक्कम, किंवा गाडी परत घेऊन वापराचा वाटा वजा करून पैसे. एवढे चार शब्द कागदावर असले, तर दोघांचेही भांडण वाचते, आणि अशक्यता खरोखर आली तरी कोणाचे वचन मोडत नाही.

पेटी कारखान्यातून येते. ती येणे बंद होईल, हे आजच्या जगात कोणाच्याच हातचे नाही. पण ती न आल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हे सौदा करणाऱ्या दोन माणसांच्या हातचे आहे, आणि ते त्यांनी पैसे देऊन-घेऊन एकदा ठरविलेले असते. कारखान्याने हात वर केले म्हणून ते ठरलेले पुन्हा बदलत नाही. केजच्या त्या गृहस्थाला गाडी देता येत नसेल, तर निदान त्याचा हिशेब तरी द्यावा. तो देणे कोणालाही अशक्य नसते.